तोंडाचं रेडिएशन ठरलंय? आधी दातांचं बघा

कॅन्सरसाठी गाल, जीभ, घसा, कशालाही लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची ठरली की फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार कार्ड वगैरे आपण जमवतोच, ते सोडा. पहिलं काम डेंटिस्ट, आणि तेही मास्क (डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो साचा) बनवायच्या आणि प्लॅनिंगच्या (किरणं कुठे द्यायची ते ठरवायच्या) सीटी स्कॅनच्या आधी. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे, काढून घ्या. जी दाढ वाचणारच नाही ती आत्ताच काढा, जखम भरायला २-३ आठवडे हातात लागतात, आणि रेडिएशन झाल्यावर त्या भागातली दाढ काढली तर जबड्याचं हाड मरू शकतं, ही भीती कायमची राहते.

आता चांदी. बाबांच्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं म्हणून डोकं खातेय. दाढेत जुनी चांदी भरलेली असेल, धातूची कॅप असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कोणी विचारलं नाही तरी सांगा. धातूवर आपटून किरणांचा काही भाग मागे उसळतो आणि तिथे टेकलेल्या गालाला, जिभेच्या कडेला जास्तीचा डोस बसतो. बाबांचा गाल चांदीच्या दाढेसमोर तेवढाच सोललेला, बाकी नुसता लाल, पाणी पितानासुद्धा डोळे भरायचे. उपाय साधा आहे, दातांवर बसणारा ३ ते ५ मिमी जाड ट्रे, तो गालाला धातूपासून लांब ठेवतो. पण मास्क, सीटी आणि रोजची लाईट सगळं तो तोंडात ठेवूनच होतं, म्हणून मास्कच्या आधीच हवा, नंतर धावपळ करून उपयोग नाही. सीटीत धातूचे पांढरे पट्टे येतात म्हणून कधी चांदी काढायलाही सांगतात, ते त्यांना ठरवू दे. आपण फक्त सांगायचं. चांदी आहे, हे सांगायचं!

किडलेले दात भरायचे तेही आधीच, रेडिएशन खाल्लेल्या दाताला कॉम्पोझिटची (दाताच्या रंगाच्या फिलिंगची) पकड कमी बसू शकते. ६०-७० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) गेल्यावर लाळ आटते आणि हिरडीलगत, फिलिंगच्या कडेकडेने कीड धरते. जीआयसी सिमेंट (फिलिंगचाच दुसरा प्रकार) फ्लोराइड सोडतं पण कोरड्या तोंडात स्वतःच झिजतं, कॉम्पोझिट टिकतं पण कडेने कीड शिरते, त्यामुळे भरलं म्हणजे झालं असं नाही, फ्लोराइड जेल रोज. न्यूट्रल मागा, आंबट जेल सिमेंट खातं.

लाईट चालू झाली की मीठ-सोड्याच्या गुळण्या, तोंड उघडायचा व्यायाम, अल्कोहोलचं माउथवॉश बंद, तंबाखू अजिबात नाही. नंतर दाढ काढायची वेळ आलीच तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन. आणि मास्कच्या दिवशी ट्रे पिशवीत आहे ना, निघताना बघा.