लीजची जीटीआय, हिवाळ्याची चाकं

म्युनिकमध्ये मी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय 36 महिन्यांच्या लीजवर घेतली तेव्हा 245 पीएस (अश्वशक्ती) आणि 19 इंची चाकं बघून खूश होते. नोव्हेंबरात, पारा 2 अंशांवर असताना, त्या 235/35 उन्हाळी टायरवर नख दाबून पाहिलं. रुतेचना. साताऱ्याच्या घरातला पाटा जास्त मऊ असेल.

जर्मनीत हिवाळी टायर कधी लावायचे याला तारखेचं बंधन नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर लागतात. ऑक्टोबर 2024पासून नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) हे जुनं चिन्ह चालत नाही. सापडलात तर 60 युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. लोकांचा हिशेब ‘ओ ते ओ’ असतो, ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टर.

लीजच्या गाडीत टायरची जाहिरात बघायच्या आधी करार काढा. गाडी जशी आली त्याच रिम्सवर परत द्यायची असते आणि टायरची नक्षी किमान किती उरली पाहिजे तेही बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. हिवाळाभर उन्हाळी टायर तळघरात पडून राहिले की तेवढे कमी झिजतात, म्हणजे परत देताना होणारा खर्च वाचतो. ही बाजू कोणी हिशेबात धरत नाही.

मला लीजबरोबरच चाकांचं पॅकेज सुचवलं होतं: महिन्याला 32 युरो, बदलणं आणि साठवण धरून. 32 छोटे वाटतात. 36ने गुणलं की 1152 होतात, आणि शेवटी हातात एक रबरसुद्धा उरत नाही.

खरी बचत आकारात आहे. गाडीच्या सीओसी कागदावर, म्हणजे कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रावर, कंपनीने मान्य केलेले टायरचे आकार असतात. माझ्या कागदावर 225/45 आर 17, म्हणजे 17 इंची रिमचा, होता. 19 इंचात तोच टायर बराच महाग पडतो, शिवाय जाड कडेचा 17 इंची टायर खड्ड्यात रिम वाचवतो. गोल्फ आर किंवा बीएमडब्ल्यू एमवाल्यांनी मात्र जपून. पुढचे ब्रेक मोठे असतात, 17 इंची रिम बसेलच असं नाही. काही गाड्यांना पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असतात. हिवाळ्यासाठी चारही सारखे मान्य असतील तर तेच घ्या, पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात. कागदात नसलेल्या रिम्सच्या वाटेला लीजच्या गाडीत मी जाणार नाही, मग त्या कितीही स्वस्त असोत.

मी जुन्या, मूळ फोक्सवॅगनच्या 17 इंची रिम्स 220 युरोला घेतल्या. विकणाऱ्याने बोल्टही फुकट दिले आणि तिथेच गडबड. ते टोकाकडे निमुळते, शंकूसारखे होते. मूळ रिमला लागतात ते गोल बैठकीचे. हातात दोन्ही शेजारी धरले तरच फरक कळतो, पण चुकीचा बोल्ट नीट बसत नाही आणि चाक सैल होऊ शकतं. गाडीचेच बोल्ट वापरले.

टायर मात्र नवेच, चार मिळून 368 युरो. बाबा त्यांच्या स्कूटरला रिमोल्ड टायर लावायचे, पण ऑटोबानवर मला तो धीर नाही. अनोळखी नावांपेक्षा मोठ्या कंपन्यांची दुसरी फळी बघा: कॉन्टिनेंटलची बारुम किंवा सेम्पेरिट, मिशलँची क्लेबर. फ्रेडेस्टाइन तर 2009पासून आपल्या अपोलोचीच. एडीएसी या जर्मन वाहनचालक संघटनेच्या टायर चाचणीत मी आधी ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग बघते, कारण शहरात बर्फापेक्षा पाणीच जास्त लागतं.

टायरच्या कडेवर तीन गोष्टी वाचा. 91सारखा भारांक, म्हणजे एका टायरवर 615 किलो. कागदावर आहे त्याहून कमी नको. पुढचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही म्हणजे 240. गाडी 250 पळत असली तरी हिवाळ्यात एच चालतो, फक्त समोर दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर लावायचा आणि ती पाळायची. नवरा म्हणाला, मग जीटीआय कशाला घेतली? तिसरी गोष्ट, चार आकड्यांचा डॉट नंबर: 3624 म्हणजे 2024चा छत्तिसावा आठवडा.

गोल्फ हवेचा दाब ब्रेकच्या एबीएस यंत्रणेवरून ओळखते, त्यामुळे चाकात सेन्सर लागत नाहीत, चाकं बदलल्यावर मेनूतून पुन्हा सेट करायचं. ज्या गाड्यांना सेन्सर लागतात त्यांनी तो खर्च आधीच धरावा.

खरेदी सप्टेंबरातच उरका. पहिला बर्फ पडला की गॅरेजवाला फोन उचलत नाही. टायर रिमवर चढवून बॅलन्सिंगचे 70 धरून माझे 658 झाले. पुढे चाकं मी स्वतः बदलते, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), हँडबुकातल्या आकड्यावर, आणि 50 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासते. काढलेल्या चाकांवर आतून खडूने ‘पु.डा.’, ‘मा.उ.’ लिहून तळघरात ठेवते. शेजारच्या आजोबांना वाटलं, काहीतरी मंत्र आहे.