दरडीत, पुरात घर गेले तर: पंचनाम्यापासून हायकोर्टापर्यंत

धरणात गाव गेले की माणूस ‘प्रकल्पग्रस्त’ ठरतो. त्याच्यासाठी 2013 चा भूसंपादन कायदा आहे, राज्याचा पुनर्वसन कायदा आहे. दरडीने किंवा पुराने गाव उठवले, तर त्या तोडीचा कायदाच नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर होईपर्यंत आपद्ग्रस्ताला आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005, मदतीचे ठरलेले दर आणि शासनाचे जीआर (शासन निर्णय) यांवरच भागवावे लागते. या तिन्हींचे दार एकाच कागदाने उघडते: पंचनामा.

पंचनाम्याला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) येतात. ते येण्याआधी ढिगारा उपसू नका. उपसावाच लागला, तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत शेजारचे घर, देऊळ किंवा विजेचा खांब दिसू द्या, म्हणजे जागेची ओळख पटते. घरपट्टीची पावती, नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घर-नोंदीचा) उतारा, वीजबिल, रेशनकार्ड यांपैकी जे हाती लागेल ते दाखवा. सगळे वाहून गेले असेल तर ग्रामपंचायतीकडून नमुना 8 ची नक्कल घ्या.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचा. पहिली, नुकसानीचे कारण. मदतीला पात्र आपत्तींपैकी पूर, दरड, ढगफुटी, चक्रीवादळ केंद्राच्या यादीत आहेत. अतिवृष्टी, वीज, समुद्राचे उधाण राज्याच्या यादीत. नुसते ‘पावसाने घर पडले’ असे लिहिले की फाइल अडकते. दुसरी, ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’. 2022-23 ते 2025-26 च्या दरांनुसार घर पूर्ण पडल्यास सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये मिळतात. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला फक्त 6,500, तेही पडझड किमान 15 टक्के असेल तर. एका शब्दाने लाखाचा फरक पडतो. तिसरी, कुटुंबे किती. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर दोन्ही रेशनकार्डे तेव्हाच नोंदवून घ्या. भांड्यांचे 2,500 आणि कपड्यांचे 2,500 रुपये कुटुंबामागे असतात, घरमालकामागे नव्हे. त्यामुळे भाडेकरूनेही नाव घालून घ्यावे. नुकसान वाढवून मात्र सांगू नका: खोट्या दाव्याला आपत्ती कायद्याच्या कलम 52 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

नोंद चुकली तर तोंडी सांगत बसू नका. तहसीलदारांना साधा अर्ज द्या: “दि. … रोजी दरड कोसळून माझे घर क्र. … पूर्णतः पडले. पंचनाम्यात ते ‘अंशतः’ नोंदले आहे. फोटो व नमुना 8 जोडला आहे. फेरपंचनामा करावा.” दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे धरले जाते.

पंचनाम्याची प्रत मिळत नसेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात मागा. अर्जात एकच विषय ठेवा आणि 150 शब्दांत संपवा. राज्याच्या नियमात तशी मर्यादा आहे. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. त्याच अर्जात तुमच्या घटनेसाठी निघालेला जीआरही मागा, कारण राज्य सरकार काही वेळा ठरलेल्या दरापेक्षा जास्त मदत जाहीर करते.

मृत्यूसाठी वारसांना 4 लाख रुपये आहेत. रायगड जिल्ह्यातल्या तळिये आणि इर्शाळवाडीत दरड कोसळली तेव्हा शोध थांबवावा लागला आणि काही माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. असा प्रसंग आला तर पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद लगेच करा आणि तो माणूस त्या रात्री त्याच घरात होता हे सांगणाऱ्यांचे जबाब लिहून घ्या. एरवी बेपत्ता माणूस मृत धरायला सात वर्षे लागतात. आपत्तीत महसूल खात्याची चौकशी ती वाट कमी करू शकते, पण तिला हे कागद लागतात.

वकिलाच्या खर्चाला घाबरून बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये सामूहिक आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या पीडितांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे कलम दाखवा. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा, नाहीतर 15100 वर फोन करा. आपत्ती कायद्याखालील कारवाईविरुद्धचा दावा दिवाणी कोर्टात लावू नका: कलम 71 नुसार तो फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात चालतो. गावकीने हायकोर्टात एकत्र रिट (याचिका) दाखल केली तर निवारा शेड, पाणी, शौचालय या कलम 12 मधल्या किमान सोयींचाही जाब विचारता येतो. (हे कलम 12 आपत्ती कायद्यातले, क्रमांक सारखा असल्याने अर्जात कायद्याचे नाव लिहाच.) मदत वाटताना जात, धर्म, लिंग पाहिले गेले असेल तर त्याच कायद्याचे कलम 61 लावा.

पुनर्वसनाला वेळ लागतो. पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर दरड 30 जुलै 2014 ला कोसळली, नव्या गावात घरे मिळायला 2017 उजाडले. तोवर शेडमध्ये राहताना गावच्या पुनर्वसन यादीत तुमचे नाव आहे का, ते अधूनमधून तपासत राहा. नव्या घराची किल्ली घेताना मालकीचा कागदही मागा, त्यावर नवरा-बायको दोघांची नावे लावून घ्या, आणि जुन्या जमिनीचा हक्क सोडल्याचे काही लिहिले असेल तर विधी सेवेच्या वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.