देवगडात दुकान टाकताय? आधी उधारीचं पंचांग शिका

घाटावरून इकडे येऊन धंदा टाकणाऱ्यांचे फोन हल्ली वाढलेत. कुणी सांगलीचा, कुणी कोल्हापूरचा, कुणी मुंबईची नोकरी सोडून आलेला. पहिला प्रश्न ठरलेला: "उधारी द्यायची का?" द्यावीच लागते. 'आज रोख, उद्या उधार'ची पाटी लावून माशा मारत बसायचं असेल तर गोष्ट वेगळी. मी मूळचा मिरजेकडचा, देवगड तालुक्यात हार्डवेअरचं दुकान चालवतो. बुडवणारे इथेही भेटतात, पण नव्या दुकानदाराचे पैसे त्यांच्यापेक्षा जास्त अडकतात ते अवेळी लावलेल्या तगाद्यामुळे.

आपल्या घाटावर साखर कारखान्याच्या ऊसबिलाची वाट बघतात, तसं इथे आंब्याच्या पट्टीची, म्हणजे माल विकून दलाल पाठवतो त्या हिशेबाची आणि पैशांची. बागायतदाराचा खर्च पाऊस सरताच सुरू होतो: फवारण्या, राखण, पुढे काढणी, पेट्या. पैसा दिसतो तो वाशीच्या दलालाकडून पट्टी आल्यावर, एप्रिल-मेमध्ये. कधी जूनपर्यंत रेंगाळतो. जानेवारीत वसुलीला गेलात तर तो चहा पाजेल आणि पुढचा पाइप दुसरीकडून घेईल. मच्छीमाराचं गणित निराळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. तेव्हा मागायला जाऊ नका, उलट माल द्या, कारण बोटी वर ओढून डागडुजीला घेतलेल्या असतात आणि रंग, दोर, नटबोल्ट त्याच दिवसांत लागतात. नारळी पौर्णिमा झाली, दोन-चार फेऱ्या बऱ्या लागल्या की बहुतेक जण आपणहून येतात.

चाकरमान्यांचं काम सोपं वाटतं, पण गोंधळ तिथेच जास्त. गणपतीआधीची रंगरंगोटी, पत्रे बदलणं मुंबईतून फोनवर ठरतं, पैसे यूपीआयने येतात आणि माल उचलतो गवंडी. गवंड्याने काय नेलं त्याचं बिल आणि फोटो घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. गवंडी नाराज होतील असं लोक सांगतात. चांगला गवंडी होत नाही.

आता मापाबद्दल. पत्र्याच्या धंद्यात ०.५० एमएम सांगून ०.४५चा माल गळ्यात मारणं ही जुनी खोड. डोळ्यांना फरक कळत नाही, पण खाऱ्या हवेत पातळ पत्रा आणि हलका मुलामा आधी गंजतो, आणि गंज चढला की गाव दुकानाचं नाव घेतं. माझ्या काउंटरवर मायक्रोमीटर दोरीने बांधून ठेवलाय. पत्रा निवडला की मी तो गिऱ्हाइकाच्या हातात देतो: कडा पकडायची, खटका वाजेपर्यंत फिरवायचं, आकडा स्वतः वाचायचा. म्हाताऱ्यांना चष्मा सापडत नाही, मग नातवाला पुढे करतात. तसंच स्क्रूचं. समुद्राला लागून घर असेल तर साधा स्क्रू मागितला तरी सांगायचं, "काका, हा टिकायचा नाही, स्टीलचा घ्या, नाहीतर दोन पावसात डाग उतरतील." महाग माल खपवतोय असं पहिल्यांदा वाटतं त्यांना. वाटू द्या. "घाटावरचो आसा, पण माप बरोबर देता," हे तुमच्या पाठीमागे कुणी म्हणालं की जाहिरातीवर खर्च करायची गरज नाही.

खात्याच्या वह्या दोन ठेवा, एक तुमच्याकडे, एक गिऱ्हाइकाकडे. दोन्हींत एकाच वेळी लिहायचं. निम्म्या घरांतला पुरुष बोटीवर नाहीतर मुंबईत असतो, व्यवहार वहिनी बघतात, तेव्हा हिशेब त्यांनाच नीट वाचून दाखवा. बाकी मोठी असेल तर वर्षातून एकदा रक्कम लिहून तारखेसह सही घ्या. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत ३ वर्षांची असते, आणि मुदतीच्या आत घेतलेल्या अशा सहीने ती नव्याने मोजली जाते. दावा करायची वेळ सहसा येत नाही, पण सही मागताना लाजू नका. लाजायचं ते चारचौघांत बाकी काढायला. नाक्यावर कुणाची रक्कम बोललात तर त्याची अख्खी वाडी तुमच्या दुकानावरून पुढे जाईल.

दुकान पावसात बंद करून गावी जाऊ नका. घाटात दरड आली की कोल्हापूरची गाडी अडकते, त्यामुळे ताडपत्री, सिमेंट, मोटारीचे सुटे भाग मेअखेर भरून ठेवा. भर पावसात ज्याच्याकडे माल मिळाला त्याला लोक विसरत नाहीत.

बँकेपुढे गावातल्या नावाचा उपयोग नाही, तिथे कागद लागतो. छोट्या धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर मालाच्या धंद्याला जीएसटी सक्तीचा नाही, पण ठेकेदारांना बिल हवं असतं, म्हणून हार्डवेअरवाल्याने तो घेतलेला बरा. रोजचा गल्ला खात्यात भरा. रोख घरी ठेवणाऱ्याची उलाढाल बँकेला दिसत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. सुरुवात लहान रकमेने करा आणि हप्ता एक दिवसही चुकवू नका. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम भरायची ठेव, शिस्तीला चांगली, तिच्यावर अडीनडीला कर्जही मिळतं. पण पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडलं तरी सिबिलमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते बहुधा दिसत नाही. म्हणून एक तरी कर्ज बँकेचं असू द्या.

आणि पतसंस्थेत जामीन राहा म्हणून ओळखीचे लोक लवकरच येतील. नवं गाव, नाही म्हणणं जड जातं. तरी त्याचं आधीचं कर्ज किती आणि कुठे, हे विचारल्याशिवाय सही करू नका. हप्ते थकले की वसुलीची नोटीस तुमच्याही दुकानात येते.