निवडणुकीच्या आकड्यांवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

राज्यशास्त्रात आकडेवारीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बहुतेकांचा पहिला प्रश्न "यावर कोणतं मॉडेल लावू?" हाच असतो आणि तो फार लवकर विचारला जातो. समोरच्या फाईलमधली एक ओळ म्हणजे नक्की काय, ती कुठून आली, मागच्या निवडणुकीतल्या ओळीशी तिचं नातं काय, हे सांगता येत नसेल तर रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे काढणारं गणित) चालवण्यात काही अर्थ नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या घाईतून होतात.

२००८ची भिंत न ओळखणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कोणताही प्रबंध हातात आला की आधी हेच तपासतो. महाराष्ट्रातल्या विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ मतदारसंघांच्या हद्दी २००१च्या जनगणनेच्या आधारे बदलल्या, म्हणजे त्यांची पुनर्रचना झाली. त्याचा आदेश २००८चा, आणि नव्या हद्दींवर राज्यातली पहिली निवडणूक २००९ची. जागांची संख्या तीच राहिली, बरीच नावंही तीच राहिली. घात तिथेच होतो.

एका विद्यार्थिनीचा विषय उत्तम होता: मतदारसंघ राखीव झाला की मतदानाची टक्केवारी बदलते का? तिने १९९९ ते २०१४च्या चार विधानसभा निवडणुका घेतल्या आणि मतदारसंघांच्या नावांवरून फाईली जोडल्या. स्पेलिंग जुळत नव्हती, म्हणून इंटरनेटवरून घेतलेला, साधारण सारखी नावं आपोआप जुळवणारा कोड वापरला. उत्तर आलं की आरक्षण आल्यावर मतदान घसरतं, आणि तेही ठळकपणे सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असं. गाईड खूश होते, प्रकरण लिहून झालं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की २००४ आणि २००९ची एकूण मतदारसंख्या शेजारी-शेजारी मांड आणि फरकानुसार क्रम लाव.

यादीच्या अगदी वर खेड निघालं. २००४च्या यादीतला रत्नागिरी जिल्ह्यातला खेड मतदारसंघ पुनर्रचनेत गेला. कोडने त्याला पुणे जिल्ह्यातल्या खेड-आळंदीला चिकटवलं होतं. म्हणजे २००९च्या एकाच ओळीला २००४च्या दोन ओळी लागल्या होत्या, आणि एकूण ओळी किती झाल्या हे कुणी मोजलंच नव्हतं. खेडखाली मुंबई-पुण्याच्या उपनगरांतले मतदारसंघ होते. त्यांची नावं बरोबर जुळली होती, पण आतले भाग वेगळे होते.

खरी अडचण यापुढची होती. महाराष्ट्रात त्या काळात आरक्षण बदललं ते पुनर्रचनेच्याच वेळी. लोकसभेचं उदाहरण घ्या: लातूर आणि सोलापूर २००४ला खुले होते, २००९ला अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, आणि त्याच क्षणी त्यांच्या हद्दीही बदलल्या. मग मतदान बदललं ते आरक्षणामुळे की वेगळी गावं आत आल्यामुळे? मतदारसंघ हे एकक धरलं तर हे दोन परिणाम वेगळे काढता येत नाहीत, मॉडेल कितीही भारी असो. २००९नंतरच्या निवडणुका घेतल्या तर आरक्षण बदलतच नाही. एकच वाट उरते: गाव तेच ठेवायचं आणि ते आधी खुल्या मतदारसंघात होतं की राखीव, नंतर कुठे गेलं, हे बघायचं. तिने शेवटी काही तालुक्यांपुरतं तेच केलं. जुन्या बूथनिहाय निकालांसाठी जिल्ह्याच्या निवडणूक शाखेत खेपा घातल्या, नकाशे घेऊन बसली. प्रबंध छोटा झाला आणि खरा झाला.

माझी सवय सांगतो. नावावरून मी काहीही जोडत नाही. जिल्हा, मतदारसंघ क्रमांक, नाव, आरक्षण, वर्ष आणि शेरा अशी किल्ली-यादी, म्हणजे फाईली जोडायला वापरायची यादी, मी हाताने करतो. ४८ मतदारसंघांना एक संध्याकाळ पुरते. २८८ ना जास्त वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात राज्याचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. रायगडचं कर्जत आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं कर्जत-जामखेड वेगळं आहे, हे त्यानंतर कधी विसरायला होत नाही. प्रत्येक जोडणीनंतर ओळी मोजायच्या. २८८ आत गेल्या तर २८८च बाहेर यायला हव्यात. आपोआप जुळवणाऱ्या कोडवर माझा विश्वास नाही, आणि नवशिक्याने तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

बूथ बघून समाजाचं मत सांगणं

निकाल लागला की 'अमुक समाजाने तमुक पक्षाला एकगठ्ठा मत दिलं' असे लेख येतात आणि आधार म्हणून बूथनिहाय आकडे दिले जातात. पुढे हेच प्रबंधांतही शिरतं. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वागण्याबद्दल निष्कर्ष काढण्यातला हा दोष अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५०मध्येच दाखवून दिला होता. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती, सहसंबंध (दोन गोष्टी सोबत वाढतात की उलट जातात हे उणे १ ते अधिक १ मध्ये सांगणारा आकडा) सुमारे उणे ०.५३. माणसागणिक बघितलं तर तोच सहसंबंध अधिक ०.१२ होता. म्हणजे परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती. पण ते वसले होते स्थानिक साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत, त्यामुळे चिन्हच उलटलं.

आपल्याकडचं गणित कागदावर करून बघा. एका बूथवर १०० मतदार धरा, समाज अ चे ६० टक्के आणि बाकीचे ४० टक्के. सगळ्यांनी मतदान केलं असं धरू. पक्षाला ५५ टक्के मतं मिळाली. बाकीच्या ४० जणांपैकी सगळ्यांनी त्या पक्षाला मत दिलं असेल तर अ समाजातून फक्त १५ मतं आली, म्हणजे त्या समाजातल्या २५ टक्के लोकांची. बाकीच्यांपैकी एकानेही दिलं नसेल तर सगळी ५५ मतं अ समाजाची, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. तो बूथ आपल्याला एवढंच सांगतो की उत्तर २५ ते ९२च्या मध्ये कुठेतरी आहे. यातून 'एकगठ्ठा' हा शब्द निघत नाही. ज्या बूथवर एकाच समाजाचे ९५ टक्के मतदार आहेत तिथे ही मर्यादा खूप आवळते. पण तशा वस्तीतले लोक मिश्र वस्तीतल्या लोकांसारखंच मत देतात, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

मी विद्यार्थ्यांना प्रत्येक बूथसाठी ही वरची आणि खालची मर्यादा आधी काढायला लावतो. ती बघून बरेच जण वाक्यं बदलतात: 'या समाजाचं मत' ऐवजी 'या समाजाची वस्ती जास्त असलेल्या बूथवरचं मत' असं लिहितात. तेवढं पुरतं. समाजाचंच मत हवं असेल तर माणसांना विचारणारं सर्वेक्षण लागतं, त्याला दुसरा पर्याय नाही.

आणि तो ६० टक्क्यांचा आकडा आला कुठून? देशभरातल्या सगळ्या जातींची शेवटची प्रसिद्ध झालेली मोजणी १९३१ची आहे. २०११च्या जनगणनेच्या तक्त्यांत अनुसूचित जाती आणि जमाती तेवढ्या मिळतात. मतदारसंघवार जातींच्या ज्या टक्केवाऱ्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांना प्रबंधात जागा देऊ नका. आडनावांवरून अंदाज केला असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि चूक किती होऊ शकते ते तपासून दाखवा.

मतांची टक्केवारी जशीच्या तशी ताडून बघणं

२०१४च्या विधानसभेला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. भाजपने २६० जागा लढवल्या आणि राज्यभरात सुमारे २७.८ टक्के मतं घेतली. २०१९ला भाजप-शिवसेना युती होती, भाजपने १६४ जागा लढवल्या आणि टक्केवारी सुमारे २५.८ झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'जनाधार घटला' असं लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत. लढवलेल्या जागा शंभरच्या आसपास कमी झाल्या, याचा त्यात उल्लेखही नसतो. लढवलेल्या जागांवरची टक्केवारी वेगळ्या रकान्यात घ्या. दोन्ही वेळा लढवलेल्या जागाच तुलनेला घ्या, आणि दुसऱ्या वेळी मित्रपक्षाची मतंही त्यात आहेत हे लिहा. २०२४ला तर 'शिवसेना' आणि 'राष्ट्रवादी' या नावांखाली २०१९चाच पक्ष आहे असं धरताच येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

फॉर्म २० हे बूथनिहाय निकालपत्रक बहुधा स्कॅन केलेलं मिळतं. ओसीआर (चित्रातला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर) देवनागरीतला १ आणि ९ सर्रास चुकवतं. सगळ्या बूथची बेरीज करा, त्यात टपाली मतं मिळवा आणि जाहीर निकालाशी ताडून बघा. जुळत नाही तोवर पुढे जाऊ नका.

मतदानाची टक्केवारी मतदार यादीवर निघते, प्रौढ लोकसंख्येवर नाही. शहरांत स्थलांतरित आणि दुबार नावांनी यादी फुगलेली असते. 'शहरी माणूस उदासीन' असं म्हणण्याआधी यादी तपासा.

सर्वेक्षणाच्या फाईलमध्ये ९८ म्हणजे 'माहीत नाही' आणि ९९ म्हणजे 'उत्तर दिलं नाही' असे कोड असतात. सरासरी काढण्याआधी कोडबुक, म्हणजे कोणत्या कोडचा अर्थ काय हे सांगणारी पुस्तिका, वाचा. पूर्ण वाचा.

राज्यात जवळपास एक लाख बूथ आहेत. एवढ्या ओळी असल्या की काहीही सिग्निफिकंट दिसतं, आणि एकाच मतदारसंघातले बूथ एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. अंदाजातली त्रुटी (स्टँडर्ड एरर) मतदारसंघानुसार बूथचे गट धरून काढा आणि परिणाम किती टक्क्यांचा आहे ते शब्दांत लिहा. पी-व्हॅल्यूशेजारचे (निकाल सिग्निफिकंट आहे का हे ठरवणाऱ्या आकड्याशेजारचे) तीन तारे म्हणजे निष्कर्ष नव्हे.

महिला सरपंचांवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महिला सरपंच असलेली गावं आणि नसलेली गावं अशी सरळ तुलना करू नका. खुल्या जागेवरून बाई निवडून येते ते गाव आधीपासूनच वेगळं असू शकतं. अर्थशास्त्रज्ञ राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४च्या पश्चिम बंगाल-राजस्थानच्या अभ्यासाचं बळ यातच होतं की त्यांनी आरक्षित आणि अनारक्षित पंचायतींची तुलना केली, कारण आरक्षण कुठे पडेल हे गावाच्या हातात नव्हतं. आपल्याकडे महिला आरक्षण सोडतीने ठरतं, म्हणजे ही संधी आपल्यालाही आहे. मात्र २०१७ला सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, २०२०मध्ये ते बंद झालं आणि २०२२मध्ये पुन्हा आलं. तेव्हा ही वर्षं एकत्र करू नका. गावोगाव फिरायला निघण्याआधी तहसील कार्यालयातून सोडतीच्या जुन्या याद्या मिळवा, आणि नमुना त्या याद्यांवरूनच काढा.