शाब्दिक उदाहरण अंगाने सोडवायचं ते असं

फळ्यावर ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. दुसरी-तिसरीतली बरीच मुलं शाब्दिक उदाहरण असंच उरकतात. गोष्ट वाचतच नाहीत, शब्द हुडकतात. ही खोड मोडायला गोष्ट प्रत्यक्ष करून बघण्यासारखा उपाय नाही. मात्र उत्तर आलं की धावत जाऊन फळ्यावर लिहा, असल्या शर्यतींनी हे साधत नाही. पाढ्यांना त्या ठीक आहेत. शाब्दिक उदाहरणात दोनचार हुशार मुलं पळतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. हालचाल उदाहरणातलीच हवी: चढणं, उतरणं, मागे राहणं, पलीकडे जाणं.

आधी आखणी करून ठेवा. जमिनीवर एकमेकींना समांतर दोन संख्यारेषा आखा, 0 ते 20, पावलागणिक एक घर. पावसाळ्यात मैदान विसरा. पडवीही ओली असली की खडू टिकत नाही आणि मुलं घसरतात, म्हणून बाकं भिंतीला सरकवून वर्गातच रंगीत चिकटपट्टीने रेषा करा. थांबायची खूण एकच ठरवा, दोन टाळ्या पुरतात. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांत संपवा. त्यापुढे गणित राहत नाही, नुसता दंगा राहतो.

मग गोष्ट सांगा, पण आकडे न घालता. “पणजीहून फोंड्याला कदंब बस निघाली. जुन्या गोव्याला काही जण उतरले, बाणस्तारीला काही जण चढले.” काय झालं ते मुलांना सांगू दे. घरी कोकणी बोलणारी मुलं कोकणीत सांगतील, सांगू दे, टोकू नका. गोष्ट सगळ्यांना कळली की मगच आकडे द्या: सुटताना 7 जण, जुन्या गोव्याला 3 उतरले, बाणस्तारी सोडताना बसमध्ये 9 जण. बाणस्तारीला किती चढले?

खुर्च्यांच्या दोन रांगा म्हणजे बस. सात जण बसतात, तिघे उतरतात, उरलेले चौघे सगळ्यांनी मोजायचे. आता बाकीच्यांनी डोळे मिटायचे आणि तुम्ही खुणेने पाच जणांना आत पाठवायचं. डोळे उघडले की बसमध्ये नऊ जण. न बघितलेलं आता शोधून काढावं लागतं, आणि ‘चढले म्हणजे बेरीज’ हा ठोकताळा इथे उपयोगी पडत नाही. या खेळाला बारा मुलं पुरतात. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसत असतील तर धाकटी प्रवासी होतात, थोरली गणित मांडतात. पाय दुखावलेलं किंवा चालू न शकणारं मूल असेल तर त्याला कंडक्टर करा. चढ-उताराचा हिशेब त्याच्या वहीत, म्हणजे खेळाची सूत्रं त्याच्याच हातात.

तुलनेचं उदाहरण मुलांना सगळ्यात अवघड जातं. “सुजयकडे 12 काजूबिया आहेत. त्या रियाच्या बियांपेक्षा 5 ने जास्त आहेत. रियाकडे किती?” ‘जास्त’ दिसलं की वर्गातून 17 चा पुकारा होतो. लगेच चूक म्हणू नका. सुजयला एका रेषेवर 12 वर उभा करा आणि रियाला दुसऱ्या रेषेवर 17 वर. मग विचारा, जास्त कोणाकडे? पुढे रिया उभी दिसते. उदाहरण पुन्हा वाचा. रियाने मागे यायचं, 17 सोडून 12 च्याही मागे, पाच घरं मोजत 7 वर. मधली पाच घरं दोघांनाही दिसतात.

भागाकाराला रिबंदर-चोडण फेरीबोट घ्या. जमिनीवर पाच जण मावतील एवढा चौकोन आखा, तीच बोट. धक्क्यावर बारा मुलं. पाच पलीकडे, पुन्हा पाच, दोन धक्क्यावरच. वहीत ‘भागाकार 2, बाकी 2’ लिहून मोकळी होणारी मुलं इथे मोकळी होत नाहीत, कारण त्या दोघांना पलीकडे जायचंच असतं. फेऱ्या तीन. बाकीचा अर्थ लागायला एवढं पुरतं. चौकोन जरा तंगच आखा, नाहीतर सहावा घुसतोच.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या थॉमस कार्पेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा यांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: रीत शिकवण्याआधीही लहान मुलं गोष्टीतली कृती मणी-ठोकळ्यांनी जशीच्या तशी करून उत्तर काढतात. इथे ठोकळ्यांच्या जागी मुलंच आहेत, इतकाच फरक.

खेळ थांबला की लगेच वही काढायला लावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आधी जे घडलं त्याचं साधं चित्र, त्याखाली गणित: 7 − 3 + □ = 9. चौकोनातला आकडा बसमधल्या कुठल्या मुलांचा, ते बोट दाखवून सांगता यायला हवं. पुढच्या आठवड्यात तेच वहीतल्या रेषेवर बोटाने चालायचं आणि त्यानंतर रेषाही नाही.

मुलं सरावली की उलटं करा. फळ्यावर नुसतं 15 − 6 लिहा आणि गोष्ट गटाला रचू दे. कोणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ विकेल, कोणी झाडावरचे आंबे माकडांकडून पळवेल. गोष्ट करून दाखवताना पंधरातून सहा खरोखरच जातात का, तेवढं मोजायला दुसऱ्या गटाला बसवा.