तेरड्यापासून सुरुवात : बॉटनीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

बीएस्सीला बॉटनी घेतलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक काम सांगते : एकेरी पाकळ्यांच्या तेरड्याचं बी मिळवा आणि कुंडीत पेरा. अंगण नसेल तर तेलाच्या जुन्या डब्यात, खिडकीत. जूनमध्ये पेरलं की आठवड्याभरात उगवतं, श्रावण-भाद्रपदात फुलतं आणि दिवाळीच्या आसपास वाळून जातं. म्हणजे तुमचं पहिलं सत्र आणि त्याचं आयुष्य जवळजवळ बरोबरच चालतं. मी स्वतः याच झाडावर शिकले. आता प्रॅक्टिकल घेताना दरवर्षी दिसतं की ज्या मुलांनी एक झाड बी ते बी असं नीट पाहिलं, त्यांना पुढची दहा झाडं वाचून कळतात. नुसती नावं पाठ करणाऱ्यांना प्रत्येक झाड पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

पेरल्यावर आधी मूळ बाहेर येतं, मग दोन गोलसर दलपत्रं, म्हणजे बीतलीच पहिली पानं, माती सारून वर येतात. वाढ नेमकी कुठे होते, हा पहिला प्रश्न इथेच विचारा. तेरड्याचं मूळ फार बारीक असतं, म्हणून एवढ्या प्रयोगापुरता वाल किंवा मका घ्या. ओल्या टिपकागदावर मोड आणा, मूळ दोनेक सेंटिमीटर झालं की टोकापासून एकेक मिलिमीटरवर शाईच्या रेघा ओढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. सगळ्या रेघा सारख्या लांब गेलेल्या नसतात. टोकाच्या जरा मागच्या पट्ट्यातल्याच रेघा एकमेकींपासून दूर सरकलेल्या असतात, वरच्या जिथल्या तिथे. टोकाशी पेशी विभागतात, त्यामागच्या पट्ट्यात त्या पाणी घेऊन लांब होतात, आणि त्याच्याही मागे कामाला लागतात : कोणी पाणी वाहणारी, कोणी आधार देणारी. खोडाचंही तसंच. आंब्याच्या खोडात कुणी लहानपणी खिळा ठोकला असेल तर झाड दुप्पट उंच झालं तरी खिळा त्याच उंचीवर राहतो, कारण उंची वाढते ती शेंड्याकडून. खोड जाड होतं ते वेगळ्या थरामुळे. प्राण्यांच्या आणि झाडांच्या वाढीतला हा मोठा फरक एकदा समजला की ‘विभाजी ऊती’ (सतत विभागत राहणाऱ्या पेशींचे समूह) या धड्याला घाबरायचं कारण राहत नाही.

कांद्याच्या मुळाची टोकं घेऊन पेशीविभाजन पाहायचं प्रॅक्टिकल तुम्हाला असेलच. मुळं सकाळी आठ ते दहाच्या सुमारास तोडून लगेच फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत थांबवणाऱ्या द्रावणात टाका, आणि स्लाइडवर फक्त अगदी टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडाच घ्या. वरचा भाग घेतलात तर दिवसभर पाहूनही विभाजन दिसणार नाही. का, ते मगाशीच्या रेघांवरून कळलं असेल.

आता तेरडा का निवडायचा ते सांगते. त्याचं खोड रसाळ आणि अर्धपारदर्शक असतं. एक फांदी पाण्याखाली धरून तिरपी कापा आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात उभी करा. थोड्याच वेळात खोडातून लाल रेघा वर चढताना बाहेरूनच दिसतात. झाडात पाणी कोणत्या वाटेने जातं हे चिरफाड न करता इतकं स्वच्छ दाखवणारी झाडं फार नाहीत. रेघा खोडभर पसरत नाहीत, ठरावीक वाटांनीच जातात. या वाटा म्हणजे जलवाहिन्या, पुस्तकातलं झायलेम.

याच फांदीचा आडवा छेद घ्या. छेद घेणं हे बॉटनीतलं सगळ्यांत मोलाचं हस्तकौशल्य आहे, आणि ते व्हिडिओ पाहून येत नाही. सुरुवात सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडावर करा, ते हाताला सोपं जातं. तेरडा मऊ असल्यामुळे ब्लेडखाली चेपतो, त्याला गाजराच्या तुकड्यात खाच करून त्यात बसवा. ब्लेड नवंच हवं. खोड आणि ब्लेड दोन्ही ओले ठेवा. करवतीसारखं मागेपुढे करू नका, ब्लेड एका दमात तिरपं आपल्याकडे ओढा आणि बरेच छेद झटपट घेत वॉचग्लासातल्या पाण्यात सोडत जा. पूर्ण गोल छेद हवा हा हट्ट सोडा. एका बाजूने जाड आणि दुसरीकडे कागदासारखा पातळ होत गेलेला अर्धवट छेदही उत्तम असतो, कारण त्या पातळ कडेलाच पेशी स्वच्छ दिसतात. ब्रशने असा छेद उचला, मिनिटभर सॅफ्रनिन या लाल रंगात ठेवा, पाण्याने धुवा, ग्लिसरिनच्या थेंबावर घ्या आणि कव्हरस्लिप एका कडेने हळूच टेकवत खाली सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) असलेल्या भिंती गडद लाल दिसतात. त्या जलवाहिन्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या, पानात तयार झालेली साखर नेणाऱ्या. जलवाहिन्यांच्या पेशी काम सुरू करताना मेलेल्या असतात, नुसत्या पोकळ नळ्या उरतात. रसवाहिन्यांच्या चाळणीपेशी मात्र जिवंत असतात. साखर वाहायला झाड ऊर्जा खर्च करतं. पाण्याचं बहुतेक काम सूर्य करतो.

जर्नलमध्ये आकृती काढताना मायक्रोस्कोपमध्ये दिसतं तेच काढा. पुस्तकातला देखणा छेद उतरवून काढलेली आकृती परीक्षकाला लगेच ओळखू येते.

पाण्याचं काम सूर्य करतो म्हणजे काय, तेही तेरडाच दाखवतो. भर दुपारी त्याची पानं माना टाकतात, संध्याकाळी पाणी न घालताही पुन्हा उभी राहतात. दिवसा पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, जेवढी वाफ जाते तेवढं पाणी मुळं त्या घाईत पुरवू शकत नाहीत, म्हणून पेशी ढिल्या पडतात. पानातून पाणी गेलं की त्याच्यामागचं पाणी ओढलं जातं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. डिक्सन आणि जोली यांनी 1894 मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही टिकून आहे, आणि सुमारे 115 मीटर उंचीच्या रेडवूडपर्यंत ते लागू पडतं. पर्णरंध्रं पाहायला मात्र तेरडा नको, रोहियो घ्या. जांभळ्या पोटाच्या पानांचं हे शोभेचं झाड बहुतेक कॉलेजांच्या आवारात असतं. पान तिरकं फाडलं की खालची जांभळी साल पातळ पापुद्र्यासारखी निघते. जांभळ्या पेशींमध्ये रंध्रं उघडमीट करणाऱ्या हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या रंग न देताही दिसतात. त्याच सालीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि जांभळा रस पेशीभित्तीपासून आत आक्रसताना पाहा.

प्रकाशसंश्लेषणाची समीकरणं पाठ करण्याआधी व्हॅन हेल्मोंटचा प्रयोग समजून घ्या. त्याचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापलं गेलं. 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावून त्याने पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांच्या वर गेलं आणि माती फक्त 2 औंसांनी घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. अर्धं उत्तर बरोबर होतं. लाकडाचं बहुतेक कोरडं वजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतं, आणि तो वायू हवेत आहे केवळ 0.04 टक्क्यांच्या आसपास. वडाचा एवढा मोठा बुंधा हवेतून गोळा झालेला आहे, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

आणि हा वायू घ्यायला रंध्रं उघडावी लागतात, त्यामुळे पाणी जातं. कमी पाण्याच्या मुलखातल्या वनस्पतींची निम्मी कथा या अडचणीतून सुरू होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांनी कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडून दुसरीत दाट साठवायची सोय केली; हॅच आणि स्लॅक यांनी ती 1966 मध्ये उसावरच्या कामातून मांडली. मक्याच्या पानाचा छेद घेतलात तर शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं, तीच ही सोय. पानफुटीने वेगळा मार्ग काढला : रंध्रं रात्री उघडायची, वायू आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रं मिटून वापरायचा. तिची पानं सकाळी आंबट आणि दिवस चढेल तशी बेचव होतात, हे बेंजामिन हाइन यांनी 1813 मध्येच लिहून ठेवलं होतं. तुम्ही चव घेऊ नका. सकाळी आणि संध्याकाळी पानाचा रस काढून पीएच पेपरवर पाहा.

तेरडा फुलतो तो दिवस लहान होत जातात तेव्हा. तो लघुदिवसी आहे, प्रत्यक्षात तो मोजतो ती रात्रीची लांबी. तेरड्याच्या एका लाल फुलांच्या वाणावर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की फुलायला लागलेलं रोप पुन्हा मोठ्या दिवसांत नेलं तर कळीच्या आत पाकळ्यांनंतर पुन्हा पानं यायला लागतात. फूल म्हणजे रूपांतर झालेला प्ररोह (खोड-पानांचा कोंब), हे वाक्य आपण पहिल्या वर्षी घोकतो. तेरडा ते करून दाखवतो.

फूल उघडताना घाई करू नका. मागे वाकडं, बारीक शिंग असतं. ते पाकळीसारख्या रंगीत निदलाचं (कळी झाकणाऱ्या बाहेरच्या दलाचं) आहे आणि त्यात मध असतो. मधोमध पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात. टोपी असते तोवर फूल फक्त पराग देतं. मग ती अख्खी गळून पडते आणि खालची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, उघडी होते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, त्या थोड्या दिवसांतही फूल आधी नर आणि मग मादी असं वागतं. त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःला लागणं बरंचसं टळतं. म्हणूनच एकेरी तेरडा पेरा असं म्हटलं होतं. नर्सरीतल्या दुहेरी तेरड्यात बऱ्याच पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात आणि ही रचना दिसत नाही.

या टोपीतला पराग साखरेच्या साधारण दहा टक्के द्रावणाच्या थेंबात टाका. द्रावणात किंचित बोरिक आम्ल आणि कॅल्शियम नायट्रेट असलं तर अधिक चांगलं. तेरड्याचा पराग फार लवकर रुजतो, काही मिनिटांत कणातून नळी निघते आणि डोळ्यांदेखत लांबते. माझ्या प्रयोगशाळेत या प्रॅक्टिकलला मुलं मायक्रोस्कोप सोडायला तयार नसतात. हीच नळी कुक्षीतून बीजांडापर्यंत दोन नरयुग्मकं नेते : एक अंडपेशीशी जुळून भ्रूण होतो, दुसरा मधल्या पेशीशी जुळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठी साठवलेलं अन्न. हे दुहेरी फलन नवाशिन यांनी 1898 मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवलं. तेरड्याच्या बीत भ्रूणपोष जवळजवळ उरत नाही, सगळं अन्न दलपत्रांत जातं. ज्वारीत तो उरतो आणि आपली भाकरी त्याचीच असते. नारळाचं पाणी आणि खोबरं हेही भ्रूणपोषच.

पिकलेल्या बोंडाला बोट लावा. त्याची पाच शकलं ताणलेल्या पेशींच्या जोरावर झटकन आत वळतात आणि बिया उडतात. त्यातल्या थोड्या कागदी पाकिटात ठेवा, पुढच्या जूनमध्ये ज्युनिअर मुलांना द्यायला.

इथून पुढे बाकीची झाडं तुलनेने पाहत जा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून वाढवलेलं झाड कोणतं ते फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणून कोकणात मादी झाडाची कलमं लावतात. सीताफळाचं फूल तेरड्याच्या उलट आधी मादी असतं, म्हणून काही बागाईतदार ब्रशने हाताने परागीभवन करतात.

हर्बेरियमसाठी (दाबून वाळवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी) रोप दाबताना फूल, फळ आणि शक्य असेल तर मूळ, सगळं हवं. पावसाळ्यात वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. ठिकाण, तारीख आणि फुलाचा ताजा रंग तिथल्या तिथे लिहा, वाळल्यावर रंग जातो. कासच्या पठारावर जांभळ्या तेरड्याचे ताटवे पाहायला जरूर जा, पण तिथे तोडायचं काही नाही. ते पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. फोटो आणि वही पुरेशी आहे. मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र व आघारकर संशोधन संस्था इथे जुने नमुने जपलेले आहेत. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, आधी विचारून जा.

पुढे काय, हे घरचे विचारतातच. एमएस्सीनंतर नेट-सेट देऊन प्राध्यापकी किंवा संशोधन, महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा, जालन्याकडच्या बियाणं कंपन्या, केळीची रोपं करणाऱ्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळा. शिप्रा गुहा आणि सतीश महेश्वरी यांनी 1964 मध्ये दिल्लीत धोत्र्याच्या परागकोशांपासून भ्रूण वाढवले. त्यातून एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) रोपं करायचं तंत्र जगभर पैदासकारांच्या हातात आलं. यातल्या बऱ्याच ठिकाणी मुलाखतीत हाताने काय काय केलंय ते विचारतात. तेव्हा पातळ छेद, परागाची रुजवण, नीट लिहिलेलं हर्बेरियमचं लेबल आणि स्वतः काढलेल्या आकृत्यांची वही सोबत न्या.