पहिला सर्फबोर्ड कुठला घ्यायचा, आणि मग लहान कधी करायचा

माझं वजन ७८ किलो आणि मी पहिल्यांदा विकत घेतलेला बोर्ड होता ६ फूट १ इंचाचा, २८ लिटरचा. ज्यांना यातलं कळतं ते इथेच हसले असतील. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एवढ्या वजनाला एवढा बोर्ड स्पर्धेत उतरणारी पोरं वापरतात, आणि माझे तेव्हा चार लेसन झालेले होते.

झालं असं की नोकरीमुळे पुण्यातून चेन्नईला आलो, ऑफिस ओएमआरला (चेन्नईचा आयटी कंपन्यांचा रस्ता), आणि तिथून कोवलम जवळ (केरळातलं कोवलम नाही, चेन्नईच्या खालचं, मच्छीमारांचं गाव आहे आणि सर्फिंग शिकवणारी पोरंही बहुतेक त्याच घरांतली). चार लेसन फोमच्या मोठ्या बोर्डवर केले, फेसाळ पाण्यात उभा राहायला लागलो, आणि वाटलं झालं की आता, स्वतःचा बोर्ड घेऊ. एक जण शहर सोडून चालला होता, त्याचा होता हा, पांढराशुभ्र, टोकदार, भिंतीला टेकवला की घर एकदम भारी दिसायचं. तो म्हणाला सवय होईल. पूर्ण सीझनमध्ये मी त्यावर किती लाटा पकडल्या असतील? पाच. त्यातल्या दोन माझ्याच आठवणीने वाढवलेल्या असू शकतात. बोर्डवर बसलो की छातीपर्यंत पाण्यात, हात मारून मारून खांदे भरून यायचे आणि लाट खालून निघून जायची, आणि बाजूला शाळकरी मुली आठ फुटी फोमवर एकामागून एक लाट घेत किनाऱ्यापर्यंत जायच्या.

तर मुद्दा पहिला, लांबीपेक्षा लिटर बघा. प्रत्येक बोर्डवर, म्हणजे निदान हल्लीच्या, लांबी रुंदी जाडी आणि शेवटी लिटर लिहिलेले असतात. लिटर म्हणजे बोर्डचं घनफळ, म्हणजेच तो किती वजन तरंगवेल याचा हिशेब, शाळेतला आर्किमिडीज, दुसरं काही नाही. बोर्ड जितका जास्त वर तरंगतो तितका हात मारताना कमी अडतो आणि लवकर वेग घेतो, आणि लाट पकडणं म्हणजे काय तर लाट तुमच्यापाशी पोचेपर्यंत तिच्या वेगाच्या जवळपास जाणं. मोठ्या बोर्डवर लाट अजून नुसता फुगवटा असते तेव्हाच बोर्ड सरकायला लागतो, मग उभं राहायला निवांत वेळ मिळतो. लहान बोर्ड लाट अगदी उभी झाल्याशिवाय सुटतच नाही, म्हणजे लाट फुटायच्या जागेच्या दोन हात इकडे तिकडे असलात तरी गेलं, आणि उभं राहायला एक सेकंद मिळाला तर मिळाला. नवीन माणसाला नेमकी हीच जागा कळत नसते. म्हणून लहान बोर्डवर शिकता येत नाही, ताकद कमी पडते म्हणून नाही.

हिशेब साधारण असा धरा, अगदी सुरुवातीला जितके किलो तितके लिटर, थोडे जास्तच. ७८ किलोला ८० ते ८६ लिटर, म्हणजे ८ फुटी फोमबोर्ड. ५०-५५ किलोच्या व्यक्तीला ७ फूट ते साडेसात फूट चालतो, ९० किलोच्या पुढे असाल तर सरळ ९ फुटी घ्या, लाजू नका. पोहायची सवय नाही, व्यायाम नाही, वय चाळिशीच्या पुढे, तर अजून थोडे वाढवा. रुंदी २२ इंचाच्या वर पाहिजे आणि जाडी ३ इंचाच्या वर, म्हणजे उभं राहिल्यावर तो डावी-उजवीकडे डगमगत नाही. नाक गोल हवं. आणि बोर्ड बाजूने बघितला की पुढचं टोक थोडं वर वळलेलं दिसतं, ते थोडं हवंच, नाहीतर लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही पुढून कोलांटी, पण केळ्यासारखा वाकलेला नको, तो पाणी ढकलत चालतो.

फोमच का, तर त्याचं वरचं अंग मऊ असतं. पहिल्या महिन्यात तुम्ही पाण्यापेक्षा बोर्डवर जास्त आपटता, आणि बोर्ड तुमच्यावर. रेझिन आणि फायबरचा कडक बोर्ड हनुवटीला लागला तर टाके पडतात. फोमच्या बोर्डला फिनही (बोर्डच्या खाली शेपटीकडे असतात ते पर) बहुतेक लवचिक रबरी किंवा प्लास्टिकचे असतात, ते तसेच राहू द्या. आता प्रश्न पैशाचा. माझं मत, पहिले दहा-पंधरा वेळा घेऊच नका विकत. भाड्याने घ्या, सर्फिंग शिकवणाऱ्या शाळेतलाच घ्या, कारण तुम्हाला हा खेळ आवडतोय का फक्त फोटो आवडतोय हे तेवढ्यात कळतं. शिवाय आठ फुटी वस्तू ठेवणार कुठे, दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत? लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही, मी करून बघितलंय. बऱ्याच शाळांमध्ये महिन्याच्या पैशांवर बोर्ड ठेवायला स्टँड मिळतो, ते विचारा. मग घ्यायचाच असेल तर डेकॅथलॉनच्या ओलायन ब्रँडचे फोमबोर्ड आहेत, किंवा शाळा सीझन संपला की जुने काढतात ते.

सेकंडहँड घेताना मात्र दहा मिनिटं नीट बघा. फोमचा असेल तर उचलून बघा, नव्यापेक्षा जड लागला तर आत पाणी शिरलंय. दोन टोकं धरून हलकासा वाकवा, मधेच लुळा पडत असेल तर आतली लाकडी पट्टी तुटली आहे, सोडून द्या. वरचा थर कडेने सुटलाय का बघा. कडक बोर्ड असेल तर अंगठ्याने दाबत दाबत पूर्ण फिरा, जिथे उभे राहतो तिथे थोडे खळगे असणारच, पण दाबल्यावर पापडासारखं कुरकुरलं तर फायबर फोमपासून सुटलंय. आडवी रेघ, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी घडी दिसली तर तो बोर्ड एकदा जवळपास मोडलेला आहे, कितीही स्वस्त देत असले तरी नको. फिन जिथे बसतात त्या खाचांच्या भोवती तडा आहे का ते बघा, आणि जुनं मेण (पाय घसरू नये म्हणून बोर्डवर लावतात ते) लावलेलं असेल तर खरवडून द्या म्हणा, मेणाखाली बरंच काही लपतं. माझ्या त्या पांढऱ्या बोर्डला मेणाखाली दोन भेगा निघाल्या.

सोबत लीश लागते, पायाला बांधायची दोरी, ती बोर्डच्या लांबीएवढी घ्या, ८ फुटाला ८ फूट. आखूड घेतली तर बोर्ड रबरासारखा परत तुमच्याच तोंडावर येतो. मेण ट्रॉपिकल लिहिलेलं घ्या, थंड पाण्याचं मेण आपल्याकडे लोण्यासारखं वितळतं. आणि बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका, मे महिन्यात चेन्नईत तर अजिबात नाही, आतला फोम फुगून वरचा थर सुटतो.

आता लहान कधी करायचा. लोकांना का करावासा वाटतो ते आधी सांगतो. एक तर दिसायला. दुसरं कारण जरा खरं आहे, मोठा बोर्ड घेऊन फेसाळ पाणी ओलांडून आत जाणं म्हणजे वैताग. लहान बोर्डवाले नाक दाबून लाटेच्या खालून बदकासारखे पलीकडे निघतात आणि ८० लिटरचा बोर्ड तुम्ही कसाही दाबा, बुडत नाही. त्याला कासव करायचं असतं, म्हणजे लाट आली की दोन्ही कडा घट्ट धरून स्वतःसकट बोर्ड उलटा करायचा, लाट वरून जाऊ द्यायची आणि परत सुलटं व्हायचं. आठवडाभर प्रॅक्टिस केली की जमतं. बोर्ड सोडून देऊन स्वतः डुबकी मारायची सवय लावू नका हो, मागे कोणीतरी असतं आणि लीशचे आठ फूट अधिक बोर्डचे आठ फूट एवढ्या अंतरापर्यंत तो बोर्ड फिरतो.

माझी परीक्षा सोपी आहे. फेसाळ पाणी मोजायचं नाही, न फुटलेली लाट मोजायची. दहा लाटांसाठी हात मारले तर त्यातल्या सहा-सात पकडता का? पकडल्यावर सरळ किनाऱ्याकडे न येता लाटेच्या अंगावरून डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही जाता का? चालत्या बोर्डवर पाय पुढे-मागे सरकवून वेग कमी-जास्त करता येतो का? आणि कोणी न ढकलता? हे सगळं एखाद्या चांगल्या दिवशी नाही, सलग पाच-सहा वेळा झालं पाहिजे. आठवड्याला एकदा जाणाऱ्याला याला वर्ष लागतं, जास्तही लागेल. माझं दीड वर्ष गेलं, त्यातला एक सीझन त्या पांढऱ्याने खाल्ला.

आणि लहान करताना उडी मारायची नाही, पायरी उतरायची. आठ फुटी फोमनंतर साडेसात फुटाचा मिनी-माल घ्या, कडक, गोल नाकाचा, ५२ ते ५६ लिटर. आकड्यात हा फरक फार मोठा दिसतो, पण फोमबोर्ड कडेपर्यंत जाडच्या जाड असतो म्हणून लिटर फुगलेले असतात आणि त्याचा तळ पाण्याला चिकटतो, कडक बोर्ड खालून गुळगुळीत म्हणून घसरतो छान, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं जाणवत नाही. पहिले दोन-तीन दिवस डगमगाल, मग बसतं. खरी मजा मला विचाराल तर याच बोर्डवर आहे, वळतो पण आणि लाटाही सोडत नाही, कित्येक जण आयुष्यभर इथेच थांबतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. त्यापुढे दर वेळी साधारण नऊ इंच आणि साधारण दहा लिटर कमी, म्हणजे पावणेसात फुटाचा रुंद हायब्रिड (मोठा आणि टोकदार लहान बोर्ड यांच्या मधला) ४५ लिटरच्या आसपास, मग सहा फुटी फिश.

फिशबद्दल थोडं जास्त सांगतो कारण आपल्याकडच्या लाटांना तो फार जमतो. शेपटी माशासारखी दुभंगलेली, रुंद, सपाट, दोन फिन. लांबीने लहान पण अंगाने भरलेला, म्हणून बारक्या मऊ लाटेवरही वेग धरतो. ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा जगज्जेता झाला तो दोन फिनच्याच बोर्डवर, आणि त्याच काळात, १९८१ मध्ये, सायमन अँडरसनने तीन फिनवाला थ्रस्टर घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा मारली आणि सगळं जग तीनवर गेलं, आजचे टोकदार शॉर्टबोर्ड बहुतेक त्याचेच वंशज. पण त्या बोर्डला तशी लाट लागते, उभी, जोरकस. कोवलमला मे ते सप्टेंबर जे चांगले दिवस येतात त्यात काही दिवस मिळते. गोव्यात आश्वे-मांद्रेकडे ऑक्टोबर ते मे जी लाट असते ती बहुतेक वेळा कमरेच्या खालची, आपल्या कोकण किनाऱ्यालाही पावसाळा सोडला की तसंच, आणि पावसाळ्यात तिकडे समुद्रात जायचंच नसतं, मच्छीमारसुद्धा होड्या ओढून ठेवतात. मग तुम्ही पुणे-मुंबईकडून वीकेंडला गोव्याला जाणारे असाल तर शॉर्टबोर्ड घेऊन करणार काय? त्याऐवजी नऊ फुटी लॉन्गबोर्ड घ्या, प्रगती म्हणजे लहानच होणं असं कोणी सांगितलंय. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर सगळेच नऊ-दहा फुटी वापरायचे.

अजून एक, नवा लहान बोर्ड पहिल्यांदा काढताना दिवस निवडा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना, त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा इथे झाला माझा. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, लाटेचं तोंड गुळगुळीत आणि ती सावकाश फुटते, दुपारी खारा वारा सुटला की सगळं खडबडीत. तेव्हा पहाटे साडेपाचला पाण्यात, नऊला बाहेर, इडली. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो आणि पाणी ओढतं, नवीन बोर्ड त्या दिवशी नको. आणि लहान बोर्ड आला म्हणजे तुम्ही आत, जिथे बाकीचे बसतात तिथे जाणार, तर लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे लाट त्याची, हा नियम पाळा, मधून घुसू नका. स्थानिक पोरं एकदा हसून सोडतात, दुसऱ्यांदा नाही.

फोमबोर्ड विकायचा का असं बरेच जण विचारतात. मी विकला होता, मिनी-माल आल्याच्या आनंदात. पुढच्याच महिन्यात दोन आठवडे गुडघ्याएवढ्या लाटा होत्या, मिनी-माल हलेना, आणि ज्याला विकला तो माझाच बोर्ड घेऊन समोरून मजेत जायचा. शेवटी त्याच्याकडूनच तासावर भाड्याने घेतला.